घर आणि बिऱ्हाड : विलेपार्ले उपनगरातील कुटुंबरचनेचा विचार

मराठीत कुटुंब ह्या कल्पनेस एकच एक शब्द नाही. ग्रंथांतून आज 'कुटुंब' हा शब्द सर्रास योजला जातो खरा. परंतु दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या बोलण्यात 'आमचे कुटुंब' ह्याचा अर्थ बोलणाऱ्याची पत्नी एवढाच होता. एका चुलीवर जेवणाऱ्या मोठ्या परिवारास 'खटले' म्हणत; एका मूळ पुरुषापासून चालत आलेल्या वंशास 'घराणे'; आणि वाटण्या होऊन वेगळ्या झालेल्या, पण एकमेकांचे सोयरसुतक पाळणाऱ्या शाखांस 'भाऊबंद'. ह्याच शब्दापासून 'भाऊबंदकी' हा कलहवाचक शब्द निघाला, हे सूचक आहे. कोकणातून नोकरीधंद्यासाठी मुंबईस आलेल्या लोकांच्या तोंडी ह्यांखेरीज आणखी एक जोडी होती : 'घर' आणि 'बिऱ्हाड'. घर ते गावचे. मुंबईत असे ते बिऱ्हाड. मग तेथे राहून वीस वर्षे झालेली असोत की चाळीस. 'बिऱ्हाड केले' म्हणजे पत्नीस व मुलांस गावाहून आणून मुंबईत चूल मांडली. विलेपार्ल्यासारख्या उपनगरातील कुटुंबरचनेचा इतिहास ह्या दोन शब्दांतील अंतर ध्यानात घेतल्यावाचून नीट उलगडत नाही.

ह्या विषयावरील रूढ मत सर्वांच्या परिचयाचे आहे. पूर्वी एकत्र कुटुंब होते. आगगाडी, पगारी नोकरी, इंग्रजी शिक्षण आणि दोन खोल्यांचा ब्लॉक ह्यांनी ते मोडले. आणि त्याच्या जागी नवरा, बायको व मुले एवढेच विभक्त कुटुंब आले. सर हेन्री मेन ह्यांच्या १८६१ मधील विवेचनापासून ही विचारसरणी चालत आली आहे. १९५१ च्या जनगणनेने तिला आकड्यांचा आधार दिल्यासारखे झाले. त्या जनगणनेत तीन अथवा त्याहून कमी माणसांच्या कुटुंबांचे प्रमाण खेड्यांत शेकडा ३३ आणि शहरांत शेकडा ३८ आढळले, आणि त्यावरून लोक आता एकत्र राहीनासे झाले आहेत असा निष्कर्ष निघाला. ह्या निष्कर्षातील दोष डॉ. आय. पी. देसाई ह्यांनी लौकरच दाखविला. जनगणनेने मोजली ती एका छपराखाली, एका चुलीवर जेवणारी माणसे. मालमत्ता कोणाची समाईक आहे, कोणाच्या आजारपणाचा खर्च कोण करतो, मुंजीला व श्राद्धाला कोण जमते, ह्यांची मोजदाद तिने केली नव्हती. सौराष्ट्रातील महुवा गावच्या ४२३ कुटुंबांची पाहणी करून १९६४ मध्ये त्यांनी हाच मुद्दा विस्ताराने मांडला. डॉ. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ मधील आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना एक छप्पर, एक चूल, समाईक मालमत्ता आणि समाईक देवपूजा ह्यांचा एकत्र उल्लेख केला आहे. वतनाच्या गावी ही लक्षणे एके ठिकाणी आढळत असतीलही. पार्ल्यात ती एकमेकांपासून सुटी झालेली दिसतात, आणि प्रत्येकीचा इतिहास निराळा आहे.

पूर्वी सर्वत्र मोठी कुटुंबेच नांदत होती, ह्या समजुतीचाही येथेच निरास करावयास हवा. डॉ. ए. एम. शहा ह्यांनी खेडा जिल्ह्यातील राधवणज गावाचे १८२५ मधील कागद तपासले तेव्हा आगगाडीच्या किंवा कारखान्याच्या कितीतरी आधी त्या गावात लहान, साधी कुटुंबेच अधिक होती असे त्यांना आढळले. इंग्लंडविषयी पीटर लॅझलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये असेच दाखविले : औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या शतकांतही तेथील सरासरी कुटुंब पाचांहून कमी माणसांचे होते. माणसे लौकर मरत, मुले जगत नसत, आणि आजोबा, मुलगा व नातू ह्यांचे एका घरात दीर्घकाळ राहणे हे पुष्कळांच्या वाट्यास येतच नसे. एकत्र कुटुंब हा आदर्श होता, कायदा होता, क्वचित प्रसंगी धाकही होता. बहुसंख्य लोकांचा नित्याचा अनुभव तो होताच असे नाही.

आता पार्ल्याकडे वळावे. साष्टीच्या ह्या भागात १५३४ पासून पोर्तुगीजांचा अंमल होता, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो संपविला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. भातशेती, ताडमाडाच्या वाड्या आणि जवळच जुहूच्या किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती, असे ह्या परिसराचे जुने रूप होते. मुंबई-विरार मार्गावर १८६७ मध्ये लोकल गाडी सुरू झाली. १८९६ च्या प्लेगाने शहरातील दाटीची धास्ती मध्यमवर्गाच्या मनात बसविली. जानेवारी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. ह्या दोन तारखांच्या मधल्या तीस वर्षांत गिरगाव-दादरचा कारकून, शिक्षक, वकील पार्ल्यास राहावयास येऊ लागला. लोकमान्यांच्या निधनानंतर १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय व १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला, ह्यावरून ह्या वस्तीचे वळण कळून येते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची एक मोठी छावणी पार्ल्यास होती. १९३४ मध्ये गुजराती समाजातील मंडळींनी श्री विलेपार्ले केळवणी मंडळ स्थापन केले. गावठाणातील ख्रिस्ती शेतकरी, पूर्वेचा मराठी पगारदार आणि पश्चिमेचा गुजराती व्यापारी हे तिघे एकाच स्टेशनावर उतरत. परंतु त्यांची कुटुंबे तीन निराळ्या कायद्यांनी बांधलेली होती.

प्रथम गावठाण. साष्टीतील मराठी बोलणारे कॅथलिक लोक १८८७ पासून स्वतःस 'ईस्ट इंडियन' म्हणवू लागले. धर्म बदलला तरी आडनावाखेरीज त्यांचे बरेचसे जुनेच राहिले. लग्नाच्या आधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणण्याची रीत त्यांच्यात आहे, आणि त्या पाण्याला नात्यागोत्याची सारी माणसे लागतात. बाहेरून पाहणाऱ्यास हे घर शेजारच्या आगरी किंवा कुणबी घरासारखेच वाटावे : भातशेती समाईक, ओटीवर आजोबा, मागील दारी सुना. पण बाप वारला म्हणजे जे होई ते अगदी वेगळे. १८६५ चा भारतीय वारसा कायदा हिंदू व मुसलमान ह्यांना लागू नव्हता. ख्रिस्ती लोकांस होता. १ जानेवारी १८६६ पासून अमलात आलेल्या ह्या कायद्याने मृत्युपत्र न करता मेलेल्या माणसाच्या विधवेस एकतृतीयांश व उरलेल्यांत सर्व मुलांना सारखे वाटे दिले. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. १९२५ च्या एकत्रित कायद्यात ही तरतूद तशीच आली.

ह्या एका तारखेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. गावठाणातील ख्रिस्ती मुलीस बापाच्या जमिनीत भावाइतका वाटा कायद्याने मिळाला तेव्हा, काही वावांवर राहणाऱ्या हिंदू मुलीचा वडिलार्जित इस्टेटीत लग्नाचा खर्च व लग्न होईपर्यंतचे अन्नवस्त्र ह्यांपलीकडे हक्क नव्हता. हा फरक समाजाच्या प्रगतीने अथवा मागासलेपणाने पडलेला नाही. इंग्रजी वारसापद्धतीच्या धर्तीवर रचलेला कायदा कोणाला लावावयाचा ह्याच्या सरकारी निर्णयाने तो पडला. कायदा एक आणि वहिवाट दुसरी, हे खरे. ह्याच कायद्याने बापास मृत्युपत्र करण्याचे पूर्ण स्वातंत्र्यही दिले होते. सारी जमीन मुलग्यांस लिहून ठेवावयास त्याला कोणी अडविणारे नव्हते. तरीही लिहून ठेवणे भाग पडे, ह्यातच हक्काची खूण आहे.

गोव्यातून पार्ल्यास आलेल्या सारस्वत घरांचे आणखी निराळे. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. तिच्यात पतिपत्नींच्या मालमत्तेची समाईकी हा सर्वसाधारण नियम होता आणि मृत्युपत्राने मुलांस सर्वस्वी बेदखल करता येत नसे. हिंदूंच्या काही रूढींस १८८० मध्ये सूट मिळाली. वारसाहक्काचा भाग पुढे २०१२ च्या गोव्याच्या कायद्याने नव्याने बांधला गेला. म्हणजे ह्या घरांतील माणूस पार्ल्याच्या खोलीत एका कायद्याचा आणि पेडण्या-फोंड्याच्या घरात दुसऱ्या कायद्याचा वारस होता.

पूर्वेकडील मराठी पगारदार वर्गातही सर्वांना एकच हिंदू कायदा लागू होता असे समजू नये. उत्तर कोकण, मुंबई बेट आणि गुजरात ह्यांत नीलकंठ भट्टाचा 'व्यवहारमयूख' मिताक्षरेहून वरचढ मानला जाई. रत्नागिरीत आणि देशावर मिताक्षरेस अग्रमान होता. नीलकंठाचे घराणे मूळचे पैठणचे, काशीस स्थायिक झालेले. त्याने बहिणीस वारसांच्या क्रमात आजीच्या लगोलग बसविले. आणि न्यायालयांचा नियम असा होता की, स्थलांतर करणारे हिंदू कुटुंब आपला मूळ प्रदेशाचा कायदा बरोबर घेऊन जाते. सारांश, एकाच गल्लीतील मुंबईकर पाठारे प्रभू आणि राजापूरचा कऱ्हाडा ह्यांच्या वारसांचा क्रम वेगळा लागू शके. सोयरिकीचे नियमही तसेच वेगळे. देशस्थ व सारस्वत ह्यांच्यात मामाची मुलगी करून घेण्यास मुभा. कोकणस्थांत ती निषिद्ध. ख्रिस्ती घरात चुलत-मावस-आते-मामे सर्वच भावंडांच्या विवाहास चर्चची खास परवानगी लागे. महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण ह्यांच्या मधला प्रदेश असून दोन्हींकडच्या नातेव्यवस्था येथे एकमेकींत मिसळतात, हे डॉ. कर्वे ह्यांचे प्रतिपादन पार्ल्याच्या एका आळीत पडताळून पाहता येते.

ह्या पगारदाराचे बिऱ्हाड कसे घडले? मुंबई शहरात १९२१ च्या जनगणनेच्या वेळी दर हजार पुरुषांमागे सुमारे ५२५ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. एकाच कुटुंबाच्या ह्या दोन बाजू होत. पुरुष मुंबईस खाणावळीत जेवे, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी. गोव्याच्या कॅथलिकांच्या धोबीतलावावरील 'कुडी' ह्याच जातीच्या. गावी राहिलेली बायको सासूच्या हाताखाली शेत, गुरे आणि देवधर्म सांभाळी. १८८० मध्ये टपालखात्याने मनीऑर्डरीची व्यवस्था हाती घेतली, तिच्यावर ही दुहेरी रचना उभी होती. गिरणीकामगारांत ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पांढरपेशा वर्गाने पत्नीस आधी आणले, कारण त्याचा पगार थोडा अधिक होता आणि मुलांस इंग्रजी शाळा हवी होती. पार्ल्यास दोन खोल्या मिळू लागल्या आणि 'बिऱ्हाड केले' हा वाक्प्रचार तेथे खरा ठरू लागला.

पुरुष दूर आणि घर स्त्रियांचे, ह्यावरून केरळातील नायरांच्या तरवाडाची आठवण होणे साहजिक आहे. परंतु साम्य वरवरचे आहे. तरवाडात पुरुष दूर असो की जवळ, वंश आणि मालमत्ता आईकडून मुलीकडे जात. १९३३ च्या मद्रास कायद्याने वाटणीस वाट मोकळी केली आणि १९७५ च्या केरळ कायद्याने एकत्र कुटुंबच रद्द केले. कोकणातील घरात स्त्री राबे, निभावून नेई, खोताशी भांडे. मालकीण मात्र नसे. कोण राहते आणि कोणाचे आहे हे दोन प्रश्न जेथे पूर्णपणे वेगळे पडले, असे हे घर होते.

बिऱ्हाड वेगळे झाले म्हणून मालमत्ता वेगळी होत नसे. उलट एक पेच निर्माण झाला. मुलाच्या शिक्षणास घरच्या भातातून, कधी जमीन गहाण टाकून पैसा लागे. मग त्या विद्येवर त्याने मिळविलेला पगार कोणाचा? एकत्र कुटुंबाच्या खर्चाने संपादन केलेल्या विद्येचे उत्पन्न एकत्र कुटुंबाचे, असे जुने शास्त्र होते आणि १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गोकलचंद विरुद्ध हुकुमचंद ह्या खटल्यात एका सनदी नोकराच्या मिळकतीस तेच लावले. ह्या निर्णयाचा अर्थ पार्ल्याच्या वकिलास किंवा डॉक्टरास ताबडतोब समजण्यासारखा होता : त्याने जमविलेल्या पैशात, घेतलेल्या प्लॉटात, गावच्या चार भावांचे वाटे. बॅ. मुकुंदराव जयकर ह्यांनी पुढाकार घेतलेल्या १९३० च्या विद्याधनाच्या कायद्याने हा नियम मोडून काढला आणि शिक्षणाने मिळविलेले धन स्वार्जित ठरविले. पार्ल्याच्या बंगलीचा पाया विटाचुन्याचा असेल. कायद्याच्या दृष्टीने तो १९३० चा आहे. ह्या कायद्याची स्तुती करणाऱ्यांनी त्याची दुसरी बाजू क्वचितच पाहिली. ज्या भावाने शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याच्या फीचे पैसे पाठविले, त्याचा दावा त्याच कलमाने बुडाला. पुढे कित्येक घरांत 'मुंबईकर' आणि 'गावकर' ह्यांमधली अढी राहिली, तिचे मूळ स्वभावात शोधण्याचे कारण नाही.

ह्या पेचात सर्वांत अवघड जागा विधवेची. घर एकत्र असे तोवर तिला अन्नवस्त्राचा आणि राहण्याचा हक्क होता, वाटा नव्हता. मुंबई इलाख्यात विधवेस पतीच्या आज्ञेवाचून दत्तक घेता येई, ही इतर प्रांतांत नसलेली सवलत तिला होती, आणि दिरांशी झगडताना तिचे हे एकच हत्यार असे. दत्तक येताच तो वाट्याचा धनी होई. परंतु बिऱ्हाडातील विधवा ह्या हक्कांचे करणार काय? नवरा पार्ल्यास वारला, पगार थांबला, आणि तिचा अन्नवस्त्राचा हक्क दोनशे मैलांवरच्या घरात. मुलांसह गावी परत जाणे, माहेरचा आश्रय धरणे किंवा १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांनी काढलेल्या अनाथ बालिकाश्रमासारख्या संस्थेची वाट धरणे, एवढेच मार्ग तिला मोकळे होते. डॉ. गो. वि. देशमुख ह्यांच्या प्रयत्नाने झालेल्या १९३७ च्या कायद्याने तिला पतीच्या हिश्शावर तिच्या हयातीपुरता हक्क दिला आणि वाटणी मागण्याची मुभा दिली. एकत्र कुटुंबाच्या इतिहासात आगगाडीपेक्षा ही तारीख मोठी मानावयास हवी. कारण पूर्वी वाटणी मागत ते पुरुष, आता प्रथमच ती मागण्याचा अधिकार सुनेकडे आला.

मुलीचा प्रश्न मात्र रेंगाळला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला बापाच्या स्वार्जितात भावाइतका आणि वडिलार्जितातील बापाच्या हिश्शात वाटा दिला. पण त्याच्या २३ व्या कलमात एक मेख होती. राहत्या घराची वाटणी पुरुष वारस मागतील तेव्हाच, मुलीला ती मागता येणार नाही. आणि तेथे राहण्याचा हक्क केवळ अविवाहित, विधवा, टाकलेल्या किंवा पतीपासून वेगळ्या झालेल्या मुलीस. घर ह्या शब्दाचा जुना अर्थ ह्या कलमात जपून ठेवलेला होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीस जन्मसिद्ध दायाद केले. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ते सर्वत्र झाले आणि २३ वे कलमही गेले. २००५ मध्ये बाप हयात असावयास हवा की नको हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मुलीच्या बाजूने मिटविला. गावठाणातील ख्रिस्ती मुलीच्या १८६६ पासून हे अंतर सव्वाशे वर्षांहून अधिक भरते.

स्टेशनाच्या पश्चिमेस ह्याच्या उलट घडत होते. गुजराती व्यापारी कुटुंबे पेढीभोवती बांधलेली. भाऊ एका चोपडीत, मुले त्याच धंद्यात. स्वयंपाकघरे दोनाची चार झाली तरी पेढी एकच राही. ह्याला प्राप्तिकराच्या कायद्याची बळकटी होती. १९२२ च्या व पुढे १९६१ च्या कायद्याने हिंदू अविभक्त कुटुंब हा कराचा स्वतंत्र घटक मानला आहे. कर्त्याचे उत्पन्न वेगळे आणि कुटुंबाचे वेगळे. तेव्हा वेगवेगळ्या मजल्यांवर राहणारी, वेगवेगळे जेवणारी माणसे कागदावर मात्र अविभक्त असतात आणि तसे राहण्यात त्यांचा फायदा असतो. जपानने १९४७ च्या दिवाणी कायद्यात कुटुंबप्रमुखाच्या अधिकारावर आधारलेली 'इए' ही संस्था रद्द केली. केरळाने एकत्र कुटुंब रद्द केले. येथे करखात्याने ते सांभाळले. जुहूच्या कोळणीच्या घरी ह्यांपैकी कशाचीच फारशी मातब्बरी नव्हती. तेथे मासळी विकणे आणि तिचा रोख पैसा स्त्रीच्या हाती असल्याने सासूसुनांची वाटणी अनेकदा टोपलीपासून सुरू होई.

पार्ल्यातील मराठी बिऱ्हाडास एकत्र ठेवणारी गोष्ट अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आली. ती म्हणजे भाडेपावती. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाणभूत धरले आणि भाडेकरूस काढणे कठीण केले. पोटभाडेकरू ठेवण्यास मात्र बंदी. आणि भाडेकरू वारला म्हणजे खोली कोणाची? कायद्याचे उत्तर असे : मृत्यूच्या वेळी त्याच्यासह राहणाऱ्या त्याच्या कुटुंबीयाची, एकमत न झाल्यास न्यायालय ठरवील तो. 'कुटुंब' म्हणजे कोण, ह्याची व्याख्या कायद्यात नव्हती. स्वाभाविकच वारसाकायद्याहून वेगळा असा एक नवा नियम शहरात रूढ झाला. इस्टेट रक्ताने मिळे, खोली सहवासाने. पुण्यास नोकरी करणारा थोरला मुलगा मागे पडे आणि मामाकडे शिकावयास राहिलेला भाचा पुढे येऊ शके. खोलीत राहणारा पुतण्या हा पोटभाडेकरू नसून कुटुंबातलाच आहे, हे शिधापत्रिकेवरून आणि शाळेच्या दाखल्यावरून सिद्ध करावे लागे. लग्न झालेले दोन भाऊ दोन खोल्यांत पडदा लावून राहिले, ते केवळ मातृप्रेमाने राहिले असे नव्हे. बाहेर पडणाऱ्याचा हक्क जाई. समाजशास्त्रज्ञ ज्या काळात एकत्र कुटुंब मोडल्याची नोंद करीत होते, त्याच काळात भाड्याच्या खोलीने ते नव्याने बांधले. अशा घरांच्या पाहणीत छप्पर एक, चूल एक, आणि समाईक मालमत्ता मात्र काहीच नाही, असे चित्र दिसते : कर्वे ह्यांच्या लक्षणांपैकी निम्मी हजर आणि निम्मी गैरहजर. त्यास एकत्र म्हणावे की विभक्त, हा वाद शब्दांचा आहे. माणसे कशामुळे एकत्र राहिली, हा प्रश्न इतिहासाचा.

१९६३ च्या मालकी सदनिकांच्या कायद्यानंतर पार्ल्यात ब्लॉक विकत घेण्याची प्रथा वाढली आणि ज्यांना परवडले ते भाऊ बाहेर पडले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बहुतांशी कायम ठेवले. अलीकडे जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाने जुना हिशेब पुन्हा उघडला आहे. भाड्याच्या दोन खोल्यांच्या जागी मालकीचा ब्लॉक मिळणार म्हटल्यावर भाडेपावतीवर नाव कोणाचे, हा प्रश्न दोन पिढ्या मागे जातो. अंधेरीस, बोरिवलीस, अमेरिकेत गेलेली भावंडे विचारणा करू लागतात, आणि त्यांत बहिणीही असतात. विमानतळाजवळील उंचीच्या मर्यादेमुळे पार्ल्यातील कित्येक इमारतींचा पुनर्विकास अडून राहिला. तेथे वृद्ध आईवडिलांजवळ एक मुलगा राहतो, इतर सणावाराला येतात, आणि नवा करारनामा कोणाच्या नावे करावयाचा ह्याची बोलणी त्याच सणावारात होतात.

गावाकडील घराचे काय झाले, हे पाहिल्यावाचून मात्र पार्ल्याचे चित्र पुरे होत नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि ज्या घरास आगबोटीने जावे लागे तेथे एका रात्रीत पोचता येऊ लागले. तरी पुष्कळ घरांत आता कोणी राहत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर पणजोबांच्या नावाखाली पार्ल्याची, पुण्याची, बडोद्याची नावे एकाखाली एक लागलेली असतात. २००५ नंतरच्या नोंदींत सासरी गेलेल्या मुलींचीही दिसतात. वाटणी झालेली नसते, कारण करण्याइतके उत्पन्न नसते आणि सर्वांच्या सह्या एके दिवशी जमत नाहीत. गणपतीत पाच दिवस चूल पेटते. एरवी दाराला कुलूप असते आणि किल्ली शेजारच्या भाऊबंदाकडे.